सहा ते सातची लेडीज बॅच

किस्से घरातल्या कापडी पिशव्यांसारखे असतात. गादीखाली घड्या करून ठेवलेल्या, वर्षानुवर्षं आठवण नाही, आणि एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. माझ्याकडे अशी एक अख्खी गादीच आहे. गडचिरोलीच्या आमच्या लेडीज बॅचची.

ओढायचं निमित्त झालं मागच्या महिन्यात, चंद्रपूरला एका लग्नात. माझ्या भाचीनं जिममधला स्वतःचा फोटो मोबाइलवर टाकला होता. खाली अंगाला चिकटलेली टाइट्स, वर दोन पट्ट्यांची बनियन. जेवताना तीन काकांनी मठ्ठ्यासोबत त्या फोटोवर मत दिलं. मत कोणी मागितलं नव्हतं, पण बाईच्या कपड्यावर बोलायला आपल्याकडे आमंत्रण लागत नाही. शेवटी त्यातला एक माझ्याकडे वळला, "कुंदाबाई, तुमच्या टायमाले असं नव्हतं ना वो?"

मी म्हटलं, "नाई जी. आमच्या टायमाले याच्यापेक्षा बेकार होतं."

मग त्यांना ऐकावंच लागलं. आता तुम्हीही ऐका.

*

दोन हजार साल नुकतंच येऊन गेलं होतं. मी गडचिरोलीत सरकारी कचेरीत क्लार्क होते, चाळिशीला टेकलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, वजन उतरवा नाहीतर गुडघे जातील. गावात एक व्यायामशाळा होती. चार बेंच, गंजलेली वजनं आणि तडा गेलेला एक आरसा. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या सरांनी कमिटीच्या मागे लागून सकाळचे सहा ते सात बायांसाठी मागून घेतले.

पहिल्या दिवशी आम्ही सात जणी. सहा साड्या आणि एक पंजाबी ड्रेस. साड्या यासाठी, की शेजारणीनं "एवढ्या पहाटे कुठी चालल्या?" विचारलं तर देवळात म्हणता यावं. पंजाबी ड्रेसमध्ये होती वर्षा, बसड्रायव्हर वामनभाऊंची मुलगी. एकोणीस वर्षांची, कमी बोलणारी. बारीक व्हायचं तिला काही कारणच नव्हतं, म्हणून ही कशाला आली असेल असं आम्हाला वाटलं.

व्यायामाची सायकल म्हणजे स्टँडवर पक्की केलेली जुनी सायकल, चेनकव्हर नसलेली. तिच्यावर पहिला मान वासेकर मॅडमचा, कारण त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दहा पॅडल मारले असतील. अकराव्याला त्यांच्या निऱ्या चेनमध्ये गेल्या आणि सायकल थांबली. आम्ही ओढून पाहिलं, तर साडी आणखी आत गेली. कोणीतरी कात्री आणायला निघाली.

मॅडम सीटवरून म्हणाल्या, "ही साडी माझ्या बहिणीनं दिली आहे. साडी कापायची नाही. सायकल कापा."

चौकातला सायकलवाला बोलावला. तो दारात आला आणि तिथंच थांबला. "लेडीज बॅच आहे, मी आत नाई येत." मॅडमला उतरता येईना, तो आत येईना. तेव्हा वर्षा पुढं झाली. "मॅडम, हँडल घट्ट धरा," म्हणाली, आणि मॅडमसकट ती सायकल उचलून दाराशी नेऊन ठेवली. मॅडम तेव्हा पंच्याऐंशी किलोच्या होत्या. आम्ही तोंडाला पदर लावून उभ्या राहिलो.

मग आम्ही दोघींनी मधे सतरंजी धरली. सतरंजीखालून सायकलवाल्याचे फक्त दोन हात आत आले आणि चाचपडत चेन शोधू लागले. अर्धा तास गेला. सीटवर बसल्या बसल्या मॅडमनं आवाज ओळखला.

"तू चौथीत माझ्याच वर्गात होता ना रे?"

सतरंजीपलीकडून आवाज आला, "हो मॅडम."

"तेव्हाही तुला असाच वेळ लागायचा."

दुसऱ्या दिवसापासून साड्या बंद झाल्या. आणि वर्षाला सरांनी बाजूला बोलावून विचारलं, "तुला पॉवरलिफ्टिंग माहीत आहे का?" वर्षा म्हणाली, "माहीत आहे सर. मी त्याच्याचसाठी आली." राज्यस्पर्धेत पहिल्या तिनात आलं तर खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीचा अर्ज करता येतो, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. कात्रण पर्समध्ये होतं. घरी मात्र एकच अट होती. वामनभाऊ म्हणाले होते, "काई बी उचल, पण गुडघा दिसला नाई पायजे."

*

साड्या बंद झाल्या, पण मग घालायचं काय? सर म्हणाले, ट्रॅकपँट. तेव्हा गावात बायांची ट्रॅकपँट विकत मिळत नव्हती. म्हणून सगळ्या मिळून शकूरभाईंकडे गेलो. शकूरभाई म्हणजे गावातले जुने लेडीज टेलर. माणूस इतका अदबीचा, की तीस वर्षांत त्यांनी कोणत्याही गिऱ्हाईक बाईच्या अंगाला टेप लावला नव्हता. तशी पद्धतच होती. जुना, अंगाला बसणारा ब्लाउज मापाला द्यायचा, त्यावरून ते नवा शिवायचे. फिटिंगला कोणी नाव ठेवल्याचं आठवत नाही.

त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "मापाची पँट आणली का?"

आम्ही एकमेकींकडं पाहिलं. सात जणींपैकी एकीनंही आयुष्यात पँट घातली नव्हती. शकूरभाई टेपकडं पाहू लागले आणि टेप ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाले, "घरून कोणती बी आणा. पँट पँट असते."

मग काय, प्रत्येकीनं नवऱ्याची पँट नेऊन दिली. वर्षानं वडिलांची खाकी दिली. आठ दिवसांत सात ट्रॅकपँटी तयार, निळ्या, बाजूनं पांढरी पट्टी, कमरेला नाडी. शिलाई अशी, की विकतच्याला लाजवेल. घालून पाहिल्या तर एकीलाही होईना. कोणाची कंबरेत अडकली, कोणाची पायाखाली वीतभर लोळत होती.

महिनाभरानं गडचिरोलीत एक नवीनच गोष्ट दिसू लागली. आमचे नवरे मॉर्निंग वॉकला निघाले. निळ्या पँटी, बाजूनं पांढरी पट्टी. माझा नवरा तर म्हणाला, "अजून एक शिवून घे वो. फिटिंग बम भारी आहे."

*

याच्यावर उपाय निघाला तो नसीमभाभींमुळं. नसीमभाभी म्हणजे शकूरभाईंची बायको. एके दिवशी सकाळी दारात एक काळा बुरखा येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं, शकूरभाईंचा काही निरोप असेल. भाभींनी बुरखा काढला, खुंटीला टांगला, आणि आत निळी ट्रॅकपँट, पांढरी पट्टी. मापात. कंबर कंबरेत, घोटा घोट्यात. गावात एकाच बाईचं माप शकूरभाईंना टेपनं घेता येत होतं आणि त्यांनी ते घेतलं होतं.

त्यानंतर बॅचमधल्या सगळ्या पँटी नसीमभाभींच्या पँटीवरून बेतल्या गेल्या. शकूरभाई विचारायचे, "हमारे घरसे कम या ज्यादा?" आपण सांगायचं, "चार बोटं जास्त." तेवढ्यावर पँट यायची आणि बसायची.

वासेकर मॅडमना मात्र तो बुरखा खुपायचा. मनानं वाईट नव्हत्या त्या, पण मुख्याध्यापिका होत्या, सुधारणा करायची सवय होती. मे महिन्यात त्या न राहवून म्हणाल्या, "नसीमबाई, एवढ्या उकाड्यात हे कशाला? मोकळं राहावं बाईनं."

नसीमभाभी घाम पुसत म्हणाल्या, "मॅडम, तुमी चौकातून जाता तवा पोट आत ओढून घेता. मी पाहती रोज. मेरेको वो टेन्शन नहीं."

 त्या दिवशी परत जाताना मॅडमनं पोट सोडून दिलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

*

पँटी आल्या तशी गावात मतंही आली. चौकातल्या चहाच्या टपरीवर आमच्या बॅचची चर्चा व्हायची. त्यातले अर्धे लोक आमच्याकडच्या रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकाला लावणीसाठी पहिल्या रांगेचं तिकीट काढणारे. तिथं त्यांना संस्कृतीची आठवण व्हायची नाही. आमच्या निळ्या पँटी पाहून व्हायची.

शेवटी व्यायामशाळेच्या कमिटीनं मीटिंग घेतली. अध्यक्षांनी नियम केला, महिलांनी सभ्य पोशाखात यावं. ठीक. पण पोशाख सभ्य आहे की नाही हे रोज पाहणार कोण? सर बायांच्याच बाजूचे, आणि सहा ते सात बाकी पुरुषांना आत बंदी होती, तीही कमिटीनंच केलेली. कोणी सदस्य पुढं येईना. प्रत्येकाला घरी बायको होती, आणि दोघांच्या तर बॅचमध्येच होत्या.

मग हे काम वॉचमन कवडूजींवर आलं. साठीचे गृहस्थ, दाराबाहेर स्टुलावर बसायचे, येणारीला मान वर न करता "या बाई" म्हणायचे. त्यांना एक वही दिली. रोज पाहून पोशाखाची नोंद करा म्हणून सांगितलं. कवडूजींनी महिनाभर एक दिवसही खाडा न करता नोंद केली.

महिन्याच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी वही उघडली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला घेतली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, "आज सर्व बाया कपडे घालून होत्या." दुसऱ्या पानावरही तेच. तिसऱ्यावरही. अध्यक्षांनी पानं उलटून मधलं एक पान काढलं. तिथं जरा वेगळं होतं, "आज पाऊस. तरी सर्व बाया कपडे घालून होत्या."

अध्यक्षांनी वही मिटली. त्यानंतर पोशाखाचा विषय कमिटीत कधी निघाला नाही. कवडूजी साधे होते की बिलंदर, हे मला आजही सांगता येणार नाही.

*

इकडं वर्षा वाढत होती, म्हणजे तिचा आकडा वाढत होता. दीड वर्षात ती अशी वजनं उचलू लागली, की आमच्या आधीच्या, पुरुषांच्या बॅचमधली पोरं आपली वजनं ती यायच्या आधी उतरवून ठेवायची.

पण त्या खेळाला कॉस्च्युम लागतो. एकाच तुकड्याचा, खांद्यापासून मांडीच्या अर्ध्यापर्यंत, अंगाला घट्ट. तो घातल्याशिवाय स्पर्धेत उभं करत नाहीत. जिल्हा निवडीला वर्षानं तो घातला आणि घरी सांगितलं नाही. तिथं पहिली आली. राज्यस्पर्धेसाठी तिचं नाव गेलं.

आता पहिली आली म्हणजे पेपरात फोटो येणार. आमचा जीव टांगणीला लागला. पण पेपरवाल्यांनाही संस्कृती होती. बार जमिनीवरून उचलतानाचा फोटो त्यांनी हनुवटीखाली कापला. राहिलं काय, तर वर्षाचा नुसता चेहरा. डोळे मिटलेले, दात आवळलेले, कपाळावर शीर. खाली ओळ होती, "वर्षाची राज्यस्तरावर निवड."

दोन दिवस लोक तब्येत विचारायला येत होते. समोरच्या आजी वाटीत ओवा घेऊन आल्या. "गरम पाण्यासंगं देजा तिले," म्हणून वर्षाच्या आईला देऊन गेल्या.

एवढ्यावर निभावलं असतं. पण ज्या स्टुडिओवाल्यानं फोटो काढला होता, त्याला वर्षाचा अभिमान वाटला. त्यानं अख्खा फोटो मोठा करून, फ्रेम करून, मेन रोडच्या शोकेसमध्ये लावला.

सकाळी साडेसातची सिरोंचा बस त्याच रस्त्यानं निघायची. ड्रायव्हर, वामनभाऊ. शोकेससमोर गाडी आली आणि त्यांनी असा ब्रेक मारला, की कंडक्टर पुढं आला. मागं चाळीस पॅसेंजर. वामनभाऊ उतरले आणि काचेसमोर जाऊन उभे राहिले. स्टुडिओवाला झाडू मारत होता. तो आनंदानं म्हणाला, "वामनभाऊ, आपली वर्षा. मोठी करून लावली."

वामनभाऊ म्हणाले, "उतरव."

त्यांचा चेहरा पाहून त्यानं मुकाट्यानं फोटो उतरवून दिला. वामनभाऊंनी तो उलटा करून आपल्या सीटखाली ठेवला आणि गाडी काढली. पण तोवर अर्धी बस खाली उतरून फोटो पाहून आली होती. कंडक्टरनं नंतर आम्हाला सांगितलं, आलापल्लीपर्यंत प्रत्येक सीटवरून मत येत होतं. पुढं रस्ता खराब लागला म्हणून लोक गप्प झाले.

*

दुसऱ्या दिवशी वर्षा आली नाही. तिसऱ्याही नाही. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मी, वासेकर मॅडम आणि नसीमभाभी अशा तिघी तिच्या घरी गेलो. दोन साड्या आणि एक बुरखा. मॅडमनं तर डोक्यावरून पदरही घेतला होता, जो त्यांनी आयुष्यात घेतला नसेल.

वामनभाऊंनी खुर्च्या दिल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळं भांडताही येईना. ते म्हणाले, "मॅडम, मले तिच्या उचलण्याचं काई नाई. पोरगी ताकदीची आहे, मले खुशी आहे. पण माह्या सीटच्या मागं चाळीस लोक बसतात. मी समोर पाह्यतो, त्यायचं बोलणं मागून येते. सहा घंटे. मले वळून जवाब बी देता येत नाई."

 मॅडमनं भाषण तयार केलं होतं, ते पदराखालीच राहिलं. मला त्या माणसाचं खरंच वाईट वाटलं.

तेवढ्यात वर्षाची आई शेवंताबाई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाली, "तुमी मले पाह्याले आलते, तवा मी कुठी होती?"

वामनभाऊ म्हणाले, "आता थे काऊन काढतं?"

"वावरात, बांधीत होती मी, वाकून रोपं लावत. धानाचा रोवना चालू होता. चिखल गुडघाभर. लुगडं कुठपर्यंत खोचलं होतं, सांगा ना या बायायले."

वामनभाऊंनी कप उचलला, पुन्हा ठेवला. कानापर्यंत लाल झाले होते. मग हळूच म्हणाले, "तवा बाकीचे लोक धान पाहून राह्यले होते."

"अन् तुमी?"

ते बशीत चहा ओतून प्यायला लागले. आम्ही तिघींनी माना खाली घातल्या, कारण हसू आवरत नव्हतं. इतक्या वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वर्षा तेवढ्यात पहिल्यांदा बोलली, "बाबा, मले नोकरी पायजे. थो ड्रेस मले बी आवडत नाई. काखेत काचते."

शेवटी तह झाला. कॉस्च्युमच्या आत घोट्यापर्यंत काळी टाइट्स. शकूरभाई शिवणार, माप नसीमभाभी घेणार. आणि वामनभाऊ स्वतः सोबत येणार.

*

राज्यस्पर्धा त्या वर्षी चंद्रपूरला होती. आमची अख्खी बॅच गेली होती. वर्षा तिसरी आली, हे मी आधीच सांगून टाकते. पुढं तिला नोकरीही लागली. तिची मुलगी आता कॉलेजात आहे. पण किस्सा तो नाही.

हॉल गच्च भरला होता. पुरुष जास्त. वामनभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या बाजूला बसले होते. रुमालानं तळहात पुसत होते. पहिला पुकारा होण्याआधी पंचबाईंनी वर्षाचे कपडे तपासले आणि मान हलवली. टाइट्स चालणार नाही. पाय गुडघ्याच्या वर उघडे पाहिजेत, गुडघा सरळ झाला की नाही हे पंचांना दिसलं पाहिजे. सरांनी हात जोडले, विनंत्या केल्या. पंचबाईंनी नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं.

वर्षा आमच्याकडं आली. आम्हा बायांकडं तिनं पाहिलंही नाही. वडिलांसमोर उभी राहिली आणि नुसतं "बाबा" म्हणाली. माइकवर तिचं नाव पुकारत होते. दोन वर्षं, रोजची सहा ते सात, सगळं त्या एका माणसाच्या तोंडावर येऊन थांबलं होतं. 

वामनभाऊंनी तिच्याकडं पाहिलं. मग भरलेल्या हॉलवर एक नजर फिरवली. उठले, आपली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"काढ," म्हणाले. "मी नाई पाह्यत."

वर्षा पळत गेली. वामनभाऊ भिंतीकडं पाहत मला म्हणाले, "कुंदाबाई, तुमी पाहा अन् मले सांगा."

त्या खेळात तीन प्रकार असतात आणि प्रत्येकात तीनदा उचलायचं. म्हणजे नऊ वेळा. तो माणूस पूर्ण वेळ भिंतीकडं तोंड करून बसला होता, आणि मी बाजूला बसून त्याला सांगत होते. बसली. उठली. झालं, पांढरे लाइट लागले. एकदा लाल लागले तेव्हा मी खोटं बोलणार होते, पण त्यांनी माझा आवाज ऐकूनच ओळखलं, "गेलं ना?" मी म्हटलं, "गेलं. पण आखीन आहे."

मागच्या रांगेतल्या लोकांना काही उमजेना. एकानं विचारलं, "यायले काय झालं? भिंतीकडं काऊन बसले?"

नसीमभाभी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "मन्नत है उनकी." त्यानंतर त्या रांगेनं वामनभाऊंना पाणी आणून दिलं आणि कोणी काही बोललं नाही.

शेवटचा प्रकार, बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं. शेवटची खेप. ही उचलली तर तिसरी, नाही तर पाचवी. सरांनी इतकं वजन लावलं होतं, की वर्षानं सरावातही ते कधी उचललं नव्हतं. ती आली, वाकली, बार धरला. हॉल शांत झाला. बार जमिनीवरून सुटला, पोटऱ्यांना घासत वर आला, आणि गुडघ्यांपाशी थांबला.

"कुंदाबाई?"

मी पुढं वाकून बारकडंच पाहत होते.

"काऊन आवाज नाई येऊन राह्यला? उचललं का? सांगा ना वो."

  वर्षाचा चेहरा अगदी पेपरातल्या फोटोसारखा झाला होता आणि बार केसाकेसानं वर सरकत होता. मी नुसता वामनभाऊंचा दंड धरला.

ते उठले आणि वळले.

समोर त्यांची पोरगी सरळ उभी राहिली होती. हातात बार, दोन्ही बाजूंनी वाकलेला. मांड्यांवर पांढरी पावडर. पंचबाईंचा हात अजून वरच होता, आणि तो खाली येईपर्यंत हलायचं नव्हतं. वामनभाऊंनी एकदा पाहिलं. मग बाजूला उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाचा खांदा पकडून त्याला गदागदा हलवलं, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"पाय पाहा, भाऊ! माह्या पोरीचे पाय पाहा!"